मधुमेह-रक्तदाबाचं पथ्य: सुरुवात बाजाराच्या पिशवीपासून

दवाखान्यातून आईला आहाराचा एक तक्ता मिळाला होता. झेरॉक्सची झेरॉक्स काढून अक्षरं पार फिकटलेली. सकाळी ओट्स, अकराला सफरचंद, जेवणात ब्राऊन राइस नि ब्रोकोली, संध्याकाळी चार अक्रोड. आईने तो माझ्याकडून वाचून घेतला आणि विचारलं, "ब्रोकोली म्हंजी काय गं? आपल्या मंगळवारच्या बाजारात मिळती का?"

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात ती मिळत नव्हती. तक्ता कॅलेंडरच्या मागे खोचला गेला, आणि आईचं जेवण होतं तसंच चालू राहिलं. तेव्हा तिचं एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ९.२ टक्के होती. रक्तदाबाची गोळी वेगळी.

आमचं घर काही जगावेगळं नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची जी पाहणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यानुसार देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि उच्च रक्तदाब साडेएकतीस कोटींच्या आसपास लोकांना. यातल्या कितीतरी जणांच्या घरी गव्हा-तांदळाचं रेशन येतं, आठवड्याला एकदा बाजार होतो आणि स्वयंपाक सगळ्यांचा एकत्र होतो. अशा घरात एका माणसाचं वेगळं ताट चारच दिवस टिकतं. म्हणून आम्ही ताटापासून सुरुवात न करता आधी घरात येणारा माल बदलला. तो कसा, ते क्रमाने सांगते. हे सगळं प्रौढांच्या मधुमेहासाठी आणि रक्तदाबासाठी आहे. मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण किंवा लहानपणापासून इन्सुलिन सुरू असेल, तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

पायरी १: महिनाभर फक्त लिहा

पहिल्या महिन्यात काहीही बदलू नका. दुकानातून, रेशनमधून, शेतातून, पाहुण्यांकडून घरात काय आणि किती आलं, एवढं वहीत लिहा. आमच्या घरात चार मोठी माणसं: आई, भाऊ, वहिनी आणि भावाचा कॉलेजात जाणारा मुलगा. वहीत निघालं ते असं: साखर ५ किलो, तेल ४ लिटर, डाळी सगळ्या मिळून ३ किलो, भाजी आठवड्याला जेमतेम ४ किलो.

आता भागाकार करा. ५ किलो साखर चौघांत तीस दिवस, म्हणजे माणशी रोज ४० ग्रॅमच्या वर, आठेक चमचे. घरात कुणी गोडाधोडाचं खाणारं नाही, असं आम्ही सगळेच छातीठोकपणे सांगत होतो. ती साखर चहात होती.

मीठ मोजायची सोपी युक्ती म्हणजे पुडी फोडली त्या दिवशी तिच्यावर पेनने तारीख घालायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे सपाट चमचाभरापेक्षा, कमी मीठ जायला हवं. चौघांचं महिन्याचं ६०० ग्रॅम झालं. किलोची पुडी निदान पन्नास दिवस पुरली पाहिजे, आणि पापड-लोणच्यातून जातं ते धरलं तर त्याहून जास्त. आमची सव्वीस दिवसांत संपली.

पायरी २: गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे

ही पायरी आम्ही गाळली आणि फटका बसला. आईला ग्लिमेपिराइडची, म्हणजे साखर उतरवणारी, गोळी चालू होती. मी उत्साहात रात्रीचा भात बंद केला, भाकरी अर्धी केली; गोळी मात्र तेवढीच. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास आई घामाने ओलीचिंब, हात थरथरतायत, बोलणं अडखळतंय. साखर ५८. वहिनीने तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजली, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजली, मग थोडी भाकरी-दूध दिलं. चूक माझी होती.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवणातला पिष्टाचा, म्हणजे भात-भाकरीचा, भाग कमी केला, तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, तडक दवाखाना गाठा. हे टाळायचं तर बदलाच्या आधीच डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून ठेवा: जेवण बदलणार आहे, तर गोळी बदलायची का? क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि पोटॅशियम ठीक आहे ना? इतर गोळ्यांबरोबर काही खाणं सांभाळायचं का? थायरॉईडची गोळी उपाशीपोटी घ्यायची असते, तिच्यावर लगेच चहा किंवा नाचणी-दूध नको. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू किंवा तोडू नये, प्रमाण कायम ठेवावं.

तपासणीच झाली नसेल, तर तिशीनंतरच्या माणसांची साखर आणि रक्तदाब गावच्या उपकेंद्रात, म्हणजे हल्लीच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, फुकट तपासतात. आशाताईंना विचारलं की वार कळतो.

पायरी ३: रेशन पूर्ण उचला आणि वाचलेले पैसे हलवा

अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डाला कुटुंबामागे ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे. ई-केवायसी, म्हणजे आधारची पडताळणी, राहिलेल्या माणसाचं नाव अडकतं, तेवढं दुकानात विचारून घ्या. कार्ड गावचं आणि मुक्काम पुण्या-मुंबईत असेल, तर जिथे आहात तिथल्या रास्त भाव दुकानातूनही धान्य उचलता येतं. घरातल्या काहींनी गावी, काहींनी शहरात असंही चालतं.

आता हिशेब बघा. ५ किलो भागिले तीस म्हणजे माणशी रोज १६६ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटासाठी धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम सांगितल्या आहेत. म्हणजे धान्याचा दोन तृतीयांश भाग रेशनवर निघतो. डाळ-भाजीचं मात्र आपलं आपल्यालाच बघायचं. आमच्या घरी रेशनचं धान्य असूनही भाऊ दर महिन्याला किराणावाल्याकडून बारीक तांदूळ, रवा, मैदा आणायचा. ते पैसे आम्ही डाळीवर टाकले. त्या ताटाच्या हिशेबाने चौघांना महिन्याला दहा किलो डाळी लागतात. आम्ही सहापर्यंत पोचलो, बाकीचं अंडी आणि दुधावर भागवतो.

डाळ नुसती आणून भागत नाही. आमच्याकडची आमटी अशी पातळ की वाटीचा तळ दिसावा. वहिनीने आठवड्याला दोनदा आमटीऐवजी उडदाचं घुटं सुरू केलं, एकदा हुलग्याचं माडगं, एकदा पिठलं. बेसन हरभरा डाळीचंच असतं, तेव्हा पिठलं-भाकरी खाल्ली की डाळ पोटात गेली, हे लोक विसरतात. खिचडीत दोन वाट्या तांदळाला एक वाटी मूगडाळ असायची. आता दोन्ही सारखं आणि वर भोपळा किंवा गाजर.

रेशनचा तांदूळ निवडताना काही दाणे वेगळ्याच रंगाचे दिसले, तर ते प्लास्टिकचे म्हणून फेकू नका. लोह, फोलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले ते दाणे असतात. सणाला 'आनंदाचा शिधा' यायचा, २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, हरभरा डाळ, साखर आणि पामतेल, त्यातली डाळ आमच्या घरात सगळ्यांत आधी लपवली गेली, कारण तिचे लाडू व्हायच्या बेतात होते.

पायरी ४: ज्वारीचा गैरसमज आणि गिरणीचा नियम

सोलापूरकराने ज्वारीविरुद्ध बोलू नये. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, मालदांडी ज्वारीची भाकरी मला जगात सगळ्यांत प्रिय. तरीही सांगते, ज्वारीने साखर वाढत नाही ही समजूत चुकीची आहे. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण ६८ ग्रॅम कर्बोदकं असतात, गव्हाच्या कणकेत ६४ च्या आसपास, पांढऱ्या तांदळात ७८. चोथ्यात (फायबरमध्ये) खरा फरक पडतो: तांदळात तीनेक ग्रॅम, ज्वारीत दहा आणि न चाळलेल्या कणकेत अकराच्या घरात. म्हणजे रेशनचाच गहू गिरणीत दळून कोंड्यासकट वापरला, तर ज्वारी परवडत नाही म्हणून रडायचं कारण नाही. चाळणीत उरलेला कोंडा म्हशीला घालून स्वतः पांढऱ्याशुभ्र पोळ्या खायच्या, ही आमची जुनी खोड.

एकदा स्वयंपाकघरात काटा आणून भाकरीचं पीठ तोलून पाहा. वहिनीच्या एका भाकरीला ९० ग्रॅम पीठ लागत होतं, फुलक्याला ३०. आई "फक्त एकच भाकरी" खायची, म्हणजे तीन फुलके. आता परातीत पिठाची एक छोटी वाटी ठेवली आहे, साठ ग्रॅमची. आईची भाकरी त्या मापाची, भावाची त्याच्या मापाची. तो दिवसभर शेतात असतो.

दळण आठ दिवसांपुरतंच काढा. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना चिरते. बाजरीचं कडू होतं. मग "जमत नाही बाई" म्हणून घर पुन्हा तांदळाकडे वळतं. हाडांसाठी नाचणी मिळाली तर आणा. शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. मात्र गूळ घातलेलं नाचणीसत्त्व हे मधुमेह्याचं औषध नव्हे. गूळ म्हणजे साखरच, काकवी आणि मधसुद्धा.

पायरी ५: बाजार

सगळ्यांत जास्त मजा आणि सगळ्यांत जास्त फरक इथे आहे. चौघांना माणशी ४०० ग्रॅमने आठवड्याला अकरा किलो भाजी लागते. आम्ही ४ वरून ८ वर आलो, तेही खर्च फारसा न वाढवता.

एक तर वेळ बदलली. सकाळी दहाला ताजी भाजी आणि ताजा भाव. संध्याकाळी साडेपाचनंतर परगावच्या विक्रेत्यांना टेम्पो गाठायचा असतो, तेव्हा किलोचा भाव सोडून ते वाटे लावतात. वांग्याचा वाटा, दोडक्याचा वाटा, दोन जुड्यांवर एक जुडी. पालेभाजी उन्हात सुकलेली असते, पण घरी आल्यावर देठ पाण्यात ठेवले की तासाभरात तरतरीत होते. पिवळी किंवा चिकट झालेली तेवढी घेऊ नका.

दुसरं म्हणजे हंगामाचं घ्या. फ्लॉवर-सिमला मिरचीच्या निम्म्या पैशात अंबाडी, चाकवत, शेपू, तांदुळजा, करडई, घोळ मिळते. अंबाडी आईने स्वतः शिकवली: पाला उकडून पाणी काढून टाकायचं, ज्वारीच्या कण्या आणि थोडी तूरडाळ घालून घोटायचं, वर लसणाची फोडणी. अंबाडी आंबट असल्यामुळे मीठ कमी पडलेलं कळत नाही. ही गोष्ट कुठल्याही तक्त्यात मला सापडली नव्हती.

तिसरं, आठवडा लावून घ्या. मंगळवार-बुधवार पालेभाज्या, गुरुवार-शुक्रवार गवार, भेंडी, दोडका, शनिवार-रविवार दुधी, लाल भोपळा, कोबी, आणि सोमवारी पिशवी रिकामी असते तेव्हा मोडाची मटकी. शनिवारी रात्री भिजत घातली की सोमवारी सकाळी बोटभर मोड. फ्रीज नसला तर पालेभाजी ओल्या सुती फडक्यात गुंडाळून माठाच्या कडेला ठेवा. शेवग्याचं झाड दारात असेल तर शेंगांबरोबर पालाही खा, फुकट आहे.

दारात चार हात जागा असेल तर परसबाग करा: एक शेवगा, एक कढीपत्ता, कुंपणावर वाल नि दोडका, वाफ्यात मेथी. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरात जपलेल्या गावठी वाणांची बियाणं बँक उभी केली आणि २०२० चा पद्मश्री मिळवला. गावठी वालाचा फायदा असा, की बी एकदाच मागून आणायचं, पुढच्या वर्षीचं आपल्याच वेलावर. मोरीचं साबणाचं पाणी कच्च्या खायच्या भाजीला घालू नका, अळू-केळीला सोडा.

मांसाहारी असाल तर आठवड्याला दोन-तीनदा अंडी किंवा बाजारात येणारी स्वस्त मासळी, बांगडा, तारली. खारवलेली सुकी मासळी रक्तदाब्याने जपून खावी, आणि खाल्लीच तर तासभर भिजवून, पाणी फेकून.

पायरी ६: मीठ आणि तेल

लपलेलं मीठ आधी काढा. आमच्या घरात ते चार ठिकाणी निघालं: पापड, लोणचं, भावाने आणलेला फरसाण आणि आमची लाडकी शेंगाचटणी. पापडात मीठ असतं आणि पापडखार वेगळा. त्यात सोडियमच असतं. चटणी सोडायला कुणी तयार होईना. मग वहिनीने मीठ निम्मं केलं आणि लसूण नि जिरं वाढवलं. पहिल्या खेपेला नाकं मुरडली गेली. तिसऱ्या खेपेला कुणी काही बोललं नाही. ताटात वरून वाढायचं मीठ मात्र कायमचं बंद.

सैंधव, काळं मीठ यांतही सोडियम जवळपास तेवढंच असतं. बाजारात 'लो सोडियम' मीठ मिळतं, त्यात पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं. मूत्रपिंड कमजोर असेल, किंवा रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशा गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका. रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाच्या ठोक्यांवर येऊ शकतं.

तेल माणशी महिन्याला अर्धा-पाऊण लिटर. चौघांना अडीच लिटर एका डब्यात काढून ठेवा, तो संपला की महिना संपला. आमचा पहिला महिना बावीस तारखेला संपला.

पायरी ७: चहा, ताट आणि उपास

आई दिवसाला पाच चहा घ्यायची, कपाला दोन चमचे. बंद कर म्हटलं असतं तर ती शेजारी जाऊन प्यायली असती. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी, एवढंच ठरवलं. दोन महिन्यांनी बिनसाखरेचा चहा "आता बरा लागतोय" म्हणाली. कप तीनवर आले ते आपोआप.

ताट वाढताना अर्धी जागा भाजी-कोशिंबिरीची, पाव डाळ किंवा उसळीची, पाव भाकरी-भाताची. भाजी आणि डाळ आधी संपवायला सुरुवात करायची, भाकरी बरोबरीने, भात शेवटी आणि लहान वाटीने.

उपासाचं मात्र अवघड आहे. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, वर बटाटा. एकादशीला आईची साखर एरवीपेक्षा जास्त असायची. आता ती भगर थोडी, दाण्याची आमटी जास्त, ताक आणि काकडी घेते, क्वचित राजगिऱ्याची भाकरी. निर्जळी उपास गोळ्या चालू असताना करू नये. आईने पांडुरंगाची समजूत कशी घातली ते तिचं तिला माहीत.

पायरी ८: मोजत राहा

रक्तदाब घरी मोजायचा तर पाच मिनिटं बसून, चहा-तंबाखूनंतर अर्धा तास थांबून, रोज ठरलेल्या वेळी. साखर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी, डॉक्टर सांगतील तितक्या वेळा. एचबीए१सी तीन महिन्यांनी. त्याआधी घाईने निकाल शोधू नका. कारल्याचा रस किंवा मेथीदाणे सुरू केले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. औषधाचा खर्च जड जात असेल तर जनऔषधी केंद्रात त्याच घटकाची गोळी बऱ्याच कमी दरात मिळते.

सहा महिन्यांनी आईचं एचबीए१सी ७.६ आलं. मधल्या काळात डॉक्टरांनी एक गोळी बदलली होती, त्यामुळे किती श्रेय अंबाडीचं आणि किती गोळीचं, ते मला सांगता येणार नाही. डॉक्टर म्हणाले, असंच चालू द्या.

गेल्या आठवड्यात वहिनीने फोनवर मिठाच्या पुडीचा फोटो पाठवला. तारीख आईच्या अक्षरात, जरा वाकडी. खाली वहिनीने लिहिलं होतं, "ताई, त्रेपन्नावा दिवस. अजून दोन मुठी आहेत. भाऊजी आले होते त्या दिवशीचं मीठ धरायचं का?"